बांगड्याच्या काळजाचं गाऱ्हाणं

मासे साफ करायला बसलं की मांजरं जमतात आणि प्राध्यापकाच्या घरी चहा टाकला की किस्से. दोन्ही न बोलावता येतात आणि हाकललं तरी जात नाहीत. आमच्या भजनी मंडळात कुणी म्हणालं, "वहिनी, ह्यांच्या पीएचडीचं सांगा ना," की पुढचा अभंग राहिलाच म्हणून समजा! इतक्यांदा सांगून झालंय की पेटीवाल्या काकूंना आता माझ्या आधी हसू येतं. म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावं.

गोष्ट सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. आम्ही तेव्हा मालवणजवळ राहायचो. हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि सात वर्षं पीएचडी करत होते. करत होते म्हणजे आमच्याकडे रस्त्याचं काम चालू असतं ना, तसं. खडी पडलेली, पिंपं मांडलेली, माणूस कुणी नाही!

यांनी नाव नोंदवलं त्या वर्षी मी कुणकेश्वराला गेले आणि हात जोडून म्हटलं, "देवा, यांचं काम तडीस जाईपर्यंत मासे खाणार नाही."

मालवणात राहून! मला वाटलं, दोन वर्षांचा प्रश्न. मुदत घालायचं सुचलंच नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "आणि काम तडीस गेलंच नाही तर?"

तेव्हा मी हसले होते. पाचव्या वर्षी हसू थांबलं.

सातव्या वर्षी मुंबईहून यांच्या गाईडांचं पत्र आलं. मार्चअखेर निकाल दाखवा, नाहीतर विषय बंद. म्हणजे यांची सात वर्षं पाण्यात आणि माझे मासे जन्मभर पाण्यातच.

*

विषय काय, हे मी यांना एकदा भाकऱ्या थापताना विचारलं.

हे म्हणाले, "आपल्या प्रत्येक पेशीत सगळी जीन्स असतात. दातांची, केसांची, सगळी. मग काळजात दात का उगवत नाहीत?"

"देवाची कृपा," मी म्हटलं.

"ती आहेच. पण काही प्रोटीन्स अशी असतात की ती जीनवर जाऊन बसतात आणि त्याला सांगतात, तू गप्प बस. माणसात असलं एक प्रोटीन सापडलंय. ते बांगड्यातही आहे का, ते मला बघायचंय."

"बांगड्यात बघायचं कसं?"

"अँटिबॉडीनं. हजारो प्रोटीन्समधून ती नेमकं तेच एक धरते. कुणकेश्वरच्या जत्रेत हरवलेलं पोर आई कसं ओळखते? तसं."

मला फार आवडलं ते. एवढ्या गर्दीत आपलं एकच ओळखायचं, दुसऱ्या कुणाला हात लावायचा नाही! मी भाकरी उलटली आणि म्हटलं, "ते गप्प बसवणारं प्रोटीन सापडलं की थोडं तुमच्या स्टाफ मीटिंगला न्या."

हे दोन दिवस हसत होते. तिसऱ्या दिवशी स्टाफ मीटिंग होती. त्या दिवशी नाही हसले.

*

अँटिबॉडी परदेशातून मुंबईला आली आणि मुंबईहून एसटीनं आमच्याकडे. थर्मासात बर्फ, बर्फात डबी, डबीत बाटली आणि बाटलीत हरभऱ्याएवढं पाणी! सोबत गाईडांची चिठ्ठी होती, "एवढीच आहे. दुसरी मिळणार नाही. गोठवूनच ठेवा."

कॉलेजात फ्रीज होता. पण त्यात हेडसाहेबांचं कोकम सरबत आणि हापूसचा रस असायचा. हेड म्हणजे विभागप्रमुख. ते म्हणाले, "रस बाहेर काढला तर नासेल." अँटिबॉडीबद्दल काही म्हणाले नाहीत.

ती मग आमच्या घरी आली. बर्फाच्या खणात ठेवता ठेवता हे हळूच म्हणाले, "सशाच्या रक्तातून काढलेली असते."

त्याच फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध! मी घटकाभर दार धरून उभी राहिले. सात वर्षं मासा शिवला नाही आणि आता ससा! पण मग वाटलं, बिचाऱ्या सशानं तरी कुठं पीएचडी मागितली होती? कुणाच्या तरी कामासाठी त्यानं रक्त दिलं. वरचा खण त्याचा, खालचा देवाचा, अशी मी वाटणी केली.

त्याच आठवड्यात ग्रहण आलं. ग्रहणात आपण दूध-पाण्यावर तुळशीपत्र ठेवतो, तसं मी त्या डबीवरही ठेवलं. हे बघून म्हणाले, "अगो, हे सायन्स आहे!"

"असू दे. सायन्सला ग्रहण लागत नाही का?"

हे कॉलेजला गेले. दुपारी शेजाऱ्यांकडे फोन आला. शेजारीणबाई धावत निरोप घेऊन आल्या, "वहिनी, सर विचारतायत, पान पडलं तर नाही ना?"

*

मग वीज गेली. आमच्याकडे वीज जायची ती चार-चार तास माहेरपण करून यायची. पण त्या दिवशी सकाळी गेली आणि दुपार झाली तरी पत्ता नाही. हे कॉलेजात. खणातला बर्फ घाम गाळायला लागला.

मी पिशवी घेतली आणि बंदरावर गेले. बर्फ मिळायचा तो मासेवाल्यांकडेच. सात वर्षांत त्या वाटेला गेले नव्हते. पारू तिथं टोपल्या लावत होती. पूर्वी आमच्याकडे मासे तीच द्यायची. माझा नवस तिनं मनाला लावून घेतला होता. माझ्यावर नाही, देवावर रागावली होती.

"इलंस काय गो वयनी? सुटलो नवस?"

"नाही ग. बर्फ हवाय."

"बर्फ? मासे नाय आनी बर्फ व्हयो? बर्फाची आमटी करतलंस काय?"

मी खरं ते सांगितलं. परदेशातून सशाचं औषध आलंय, वितळलं तर यांची पीएचडी गेली.

पारूनं समोरच्या सुरमईवरचा अख्खा बर्फ दोन्ही हातांनी ओरपला आणि माझ्या पिशवीत भरला. "सुरमय जाव खड्ड्यात! ही आज नाय विकली तर सुकवीन. तुझो नवस सुटलो तर मी सात वर्सांचे मासे विकतलय!"

अँटिबॉडी वाचली. पण पुढे आठवडाभर नैवेद्याच्या दुधाला सुरमईचा वास होता. देवानं तक्रार केली नाही. तोही कोकणातलाच.

*

ताडून बघायला माणसाचंही रक्त हवं होतं. हे घरातल्या घरात ठरवून माझंच घेणार होते, पण विभागात बोलून बसले. हेडसाहेब खुर्चीतून उठले. "पहिलं रक्त माझं!"

आमच्याकडे मान म्हणजे मान. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, यावरून घरं तुटतात. हे 'नको' कसं म्हणणार? बाबुली, म्हणजे विभागाचा लॅब अटेंडंट, हसून म्हणाला, "घेवा सर. रगताक काय, कोनाचाय चलता."

बाबुली स्वतः देवळाचा मानकरी. गावात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवापुढे मागणं मांडायचा मान त्याच्या घराण्याकडे.

रक्त काढायच्या दिवशी मंडप घातला. शाल, श्रीफळ, फोटोग्राफर. कंपाउंडरनं सुई टोचली आणि टाळ्या झाल्या! मग रक्ताची नळी टेबलावर हाराशेजारी ठेवून हेडसाहेब बोलायला उभे राहिले. विषय होता 'विज्ञान आणि त्याग'.

हे खुणा करत होते. नळी लगेच बर्फात जायला हवी होती. बाबुली दोनदा टेबलापर्यंत गेला, दोन्ही वेळा फोटोग्राफरनं त्याला बाजूला केलं. फेब्रुवारीचं ऊन कनातीच्या फटीतून नेमकं नळीवर पडलं होतं. भाषण त्यागावरून बलिदानावर गेलं. दीड तासानं राष्ट्रगीत झालं, तेव्हा त्या रक्ताला वास यायला लागला होता.

"आता?" मी यांना विचारलं.

"आता तुझं घेऊ. पण प्रयोगाच्या कागदावर पहिल्या घरात त्यांचंच ठेवावं लागेल. मान आहे!"

सोमवार होता. उपवासाच्या पोटी मी रक्त दिलं. ना शाल, ना श्रीफळ. बाबुलीनं तेवढी केळी आणली होती.

*

प्रयोग असा, की रक्तातली आणि बांगड्याच्या काळजातली प्रोटीन्स एका पांढऱ्या कागदावर उतरवायची. तीन घरं होती. पहिलं हेडसाहेबांचं, दुसरं माझं, तिसरं बांगड्याचं. मग तो कागद साय काढलेल्या दुधात तासभर हलवत ठेवायचा, म्हणजे अँटिबॉडी नको तिथं चिकटत नाही. त्यानंतर अँटिबॉडी घालायची. दुसऱ्या दिवशी रंगाचं पाणी ओतायचं. प्रोटीन असेल तिथं तपकिरी रेघ उमटते.

हलवायला यंत्र लागतं. यंत्राच्या अर्जावर हेडसाहेबांची सही व्हायची होती. तीन वर्षांपासून व्हायची होती. शेवटी मीच म्हटलं, "माळ्यावर आपला पाळणा आहे."

पुढच्या पडवीत पाळणा बांधला. आत उशीवर दुधाची बशी, बशीत कागद. दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला आणि हातात जपाची माळ. तासभर एका लयीत पाय हलवायचा, डोळा लावायचा नाही, मध्ये उठायचं नाही. यांना वाटत होतं मला कष्ट होतील. अहो, सोळा सोमवार केलेल्या बाईला तासभर म्हणजे काय!

तेवढ्यात टोपली घेऊन पारू आली. पाळणा बघून पायरीवरच थबकली. मी बेचाळीस वर्षांची. मुलगा कोल्हापूरला इंजिनिअरिंगला!

"गो बाय माझे! वयनी! कळयलंस पन नाय?"

मी जपात. जपात मी बोलत नाही. मी मान हलवली, तर तिला ते लाजणं वाटलं.

बाबुली खांबाजवळ घड्याळ धरून उभा होता. त्यानं तोंडावर बोट ठेवलं. "वायच हळू गो. अजून वीस मिंटां आसत."

"झोपलाहा काय? झील की चेडू?"

बाबुलीनं घड्याळावरून नजर न काढता सांगितलं, "बांगडो."

पारू टोपलीसकट खाली बसली.

*

दूध झालं. आता अँटिबॉडी. यांचे हात असे थरथरत होते की थोडी काढून थोडी ठेवायची, ते काही जमलं नाही. सगळीच्या सगळी पाण्यात मिसळली आणि कागदावर ओतली. रात्रभर ती बशी फ्रीजमध्ये राहिली.

सकाळी कागद बाहेर काढला. हे बशीतलं पाणी मोरीत ओतायला निघाले.

मी मोरीच्या दारात आडवी उभी राहिले. "काय करताय?"

"वापरलेलं आहे ते. फेकायचं."

"सातासमुद्रापलीकडनं आलेलं, सशानं रक्त आटवून दिलेलं, आणि मोरीत? आपल्याकडे तीर्थसुद्धा मोरीत ओतत नाहीत, तुळशीला घालतात."

"मग तुळशीला घाल."

तुळशीला सशाचं रक्त घालू? तेही मनाला पटेना. शेवटी लोणच्याची एक रिकामी बाटली उकळून घेतली, त्यात ते पाणी भरलं आणि दुधामागे ठेवून दिली. पुढे कधीतरी समुद्रात सोडू म्हटलं.

हे म्हणाले, "तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा प्रोटीन शोधणं सोपं."

*

आता शेवटचं.

कागद पुन्हा पाळण्यातल्या बशीत ठेवला आणि रंगाचं पाणी ओतायची वेळ आली. यांनी बाटली उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. सात वर्षं त्या बाटलीत होती. बाबुलीला बघवेना. म्हणाला, "सर, थांबा. असां नाय ओतूचा." टोपी घातली, नारळ घेतला आणि पाळण्यासमोर उभा राहिला. आम्ही दोघं मागे हात जोडून.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो जो प्रयोग मांडलेलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या सशान रगात दिल्यान, तेच्या पोरांबाळांचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लायट जाता ती ह्या घटकेक जावची नाय, हेडसायब येतत ते ह्या घटकेक येवचे नाय, असां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या माऊलीन सात वर्सां मासो तोंडाक लावक नाय. तिच्या ताटात बांगडो पडांदे रे म्हाराजा!"

मला 'व्हय' म्हणता आलं नाही. हेच मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला, रंग ओतला. पाच मिनिटांत दोन रेघा आल्या. दुसऱ्या घरात माझी आणि तिसऱ्या घरात, अगदी तिच्या शेजारी, बांगड्याची!

चार दिवसांनी मुंबईहून गाईड आले. कडक माणूस. देवधर्म शून्य. आमच्या दारावरचा गणपती बघून त्यांनी चष्मा पुसला होता. त्यांनी कागद उजेडात धरला. हेडसाहेबही हजर होते.

"पहिलं घर रिकामं आहे," गाईड म्हणाले.

हे घाबरले. पण गाईड पुढे म्हणाले, "चांगलं आहे. कुठंतरी काहीच नसणंही आवश्यक असतं."

हेडसाहेबांनी उठून त्यांचे आभार मानले.

मग गाईडांनी कागद खाली ठेवला. "एकदा आलं ते शास्त्र नव्हे. तीनदा आलं पाहिजे. अँटिबॉडी किती उरलीय?"

यांचा चेहरा कागदाहून पांढरा पडला. "सगळी वापरली सर."

"आणि वापरलेली?"

मी उठले, दुधामागची लोणच्याची बाटली आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी वास घेतला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाटलीकडे. "वहिनी, मुंबईत माझे विद्यार्थी हे मोरीत ओततात!"

त्यांनी वही काढली. "आता पहिल्या वेळी काय काय केलंत, सगळं सांगा. यातली एकही गोष्ट बदलायची नाही. बदललीत तर कशामुळे आलं, ते कळणार नाही."

हे सांगत गेले. दूध, पाळणा, तास. गाईड आकडे घालत लिहीत गेले. हे रंगापाशी येऊन थांबले.

"नंतर?"

हे जमिनीकडे बघायला लागले. बाबुली सरळ माणूस. म्हणाला, "नंतर गाऱ्हाणां, सायब." आणि सगळं गाऱ्हाणं त्यानं पहिल्यापासून म्हणून दाखवलं, माझ्या बांगड्यासकट.

गाईडांचं पेन हवेत राहिलं. एवढा वेळ राहिलं की मला वाटलं, गेलं सगळं. मग ते खाली टेकलं आणि लिहायला लागलं.

दुसऱ्या वेळी रेघा आल्या. थोड्या फिक्या, पण आल्या. तिसऱ्या वेळी मार्च संपत आला होता, बाटलीतलं पाणी तळाला गेलं होतं, आणि गाईड स्वतः समोर खुर्ची टाकून बसले होते. एकेक गोष्ट झाली की वहीत खूण. दूध, खूण. पाळणा, खूण. पारू पायरीवर टोपली झाकून बसली होती. टोपलीत काय, ते मी विचारलं नाही.

बाबुलीनं टोपी घातली. पण एवढा मोठा साहेब समोर बघून तो गडबडला. यश मागितलं, सशाच्या पोरांबाळांचं मागितलं, लाईट-हेडसाहेबांचं घाईघाईनं उरकलं आणि नारळ उचलला.

"थांबा!"

गाईड खुर्चीतून उठले होते. एका हातात वही, दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर.

"एक स्टेप राहिली. वहिनींचा बांगडा."